साबण झिजेना, टूथपेस्ट पुरेना

१

साबणावरची अक्षरं अजून वाचता येत होती. गुन्हा उघडकीला आला तो तेवढ्यावरून.

गुलाबी रंगाचा, हातात मावेल न मावेल एवढा साबण. त्याच्या पाठीवरची उठावाची अक्षरं बोटाला टोचत होती. रोज न्हाणाऱ्या माणसाच्या घरात साबण तिसऱ्या दिवशी मुका होतो, आठव्या दिवशी त्याची कंबर जाते. हा मात्र अकरा दिवसांनंतरही नवरदेवासारखा ताठ बसला होता.

"वेष्टन मी माझ्या हातांनी फाडलं होतं, मॅडम. अकरा दिवसांपूर्वी, गावाला जायच्या आधी," थोरली म्हणाली. थोरली म्हणजे या घरच्या आजींची मुलगी. पुराव्यावर पहारा देत ती सकाळपासून न्हाणीघरातच उभी होती. "आज आले, आईला जवळ घेतलं, आणि पावडरच्या वासाखालून दुसराच वास आला. काखेत बघितलं तर लालभडक चट्टे. पाठीवर चट्टे. आणि वही काय म्हणते ते बघा!"

वही मी बघितली. माझं कामच ते. घरोघरी म्हाताऱ्या माणसांना न्हाऊ घालणं, जेवू घालणं, उठवणं-बसवणं, यासाठी बायका पाठवणारं एक केंद्र आहे. तिथली मी तपासनीस. सेवा नीट होते की नाही हे पाहायला लोकांच्या न्हाणीघरात नाक खुपसणं, हे माझं उपजीविकेचं साधन. एकवीस वर्षांत नाकाला त्याची सवय झाली आहे.

वहीत 'आंघोळ' नावाचा एक रकाना होता. अकरा दिवस, अकरा चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात सुबक, गोल अक्षरात एकच शब्द: पुसले.

"ओल्या फडक्यानं पुसलं असतं ना, तरी साबण जरा झिजला असता," थोरली म्हणाली. "हिनं अकरा दिवसांत आईच्या अंगाला हातसुद्धा लावलेला नाही. नुसतं लिहिलंय!"

मला तर आणखीही काही माहीत होतं, जे थोरलीला माहीत नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी मी घंटा वाजवली, तेव्हा सकाळी येणाऱ्या सेविकेनं दाराची साखळी न काढताच फटीतून सांगितलं होतं, "जरा थांबा हं, आजींना पुसून येते."

मी घड्याळाच्या काट्यावर वेळ मोजली. सवय आहे मला.

ती परत आली तेव्हा काटा अर्ध्या मिनिटावर होता.

अर्ध्या मिनिटात मला माझा चष्मासुद्धा नीट पुसता येत नाही.

२

सकाळवालीला मी स्वयंपाकघरात बसवलं. तिशीतली, सुतळीएवढी बाई. डोळे मोठे, आवाज बारीक. तिनं न मागताच गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. तक्रार आली की ओळखपत्र जमा करायचं, असा केंद्राचा नियम आहे. वहीत खोटी नोंद केल्याचं सिद्ध झालं, तर ते परत मिळत नाही. नाव सगळ्या केंद्रांना कळवतात, आणि मग या धंद्याचं दार कायमचं बंद.

"तीन वाजेपर्यंत केंद्राच्या साहेबांना कळवायचंय," मी म्हटलं. "म्हणून खरं तेच सांगा. आजींना रोज पुसलंत?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

"किती वेळा?"

"आल्याबरोबर एकदा. त्यांची औषधं झाली की परत एकदा. कधी कधी निघतानासुद्धा."

दाराआड कान लावून उभी असलेली थोरली तिरासारखी आत आली. "तीन-तीनदा? तीनदा पुसलं तर चट्टे आले कुठून? आभाळातून?"

"चट्टे मलाही दिसले परवा," सकाळवाली खाली मान घालून म्हणाली. "म्हणून तर परवा चारदा पुसलं."

थोरलीनं कपाळाला हात लावला. मी माझ्या टिपणवहीत लिहिलं: *निर्ढावलेली. चेहऱ्यावरून वाटत नाही.*

"केंद्राला का नाही कळवलंत?"

"कळवलं की. वहीत रोज लिहिलंय. चौकोन एवढासाच आहे, त्यात एकच शब्द बसतो. शिकवतानाच सांगितलंय, एका शब्दात लिहा, गोष्टी सांगू नका."

ते खरं होतं. तो चौकोन कुणी आखला होता, हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही.

"आणखी काही सांगायचंय?"

ती विचारात पडली. एखादी बाई अशा वेळी रडली असती, पाया पडली असती. ही म्हणाली, "टूथपेस्ट तेवढी आणायला सांगा त्यांना. संपलीय. या पंधरवड्यातली तिसरी ट्यूब."

मी तेही लिहून घेतलं. सवय.

३

संध्याकाळी येणारी सेविका निरोप मिळताच आली. दारातच म्हणाली, "दोन वाजून दहा मिनिटं झालीत. दोन चाळीसला मला पुढच्या घरी पोचायचंय." तिच्या डाव्या मनगटावर एक घड्याळ होतं आणि उजव्यावर दुसरं. पहिलं बंद पडलं तर पंचाईत नको म्हणून. आजींनी तिचं नाव घड्याळबाई ठेवलं होतं, आणि तिला ते बिरुद वाटायचं.

"आंघोळीचं काम तुमचं की सकाळवालीचं?"

"जिच्या वेळेत आजी तयार होतील तिचं. सकाळी झाली नाही तर मी घालायची. मी आल्या आल्या आधी वही बघते. वहीत दिसलं 'पुसले'. म्हटलं, सकाळी अंग पुसून झालंय. मग मी कशाला भिजवू? या वयात कातडी कागदासारखी असते, दोन-दोनदा पाणी लागलं की फाटते. मी माझ्या रकान्यात लिहिलं, 'गरज नाही'."

लिहिलं होतं खरं. अकरा वेळा.

"आजींना विचारलंत?"

"विचारलं ना. वही वही आहे, माणूस माणूस आहे. 'सकाळी झालं ना हो आजी?' असं रोज विचारत होते."

"काय म्हणायच्या?"

"हो हो, झालं झालं." घड्याळबाईनं दोन्ही घड्याळं एकदम पाहिली. "आणि हसायच्या. जरा जास्तच हसायच्या. माझ्याकडे बघून कुणी एवढं हसत नाही."

ते मला पटलं.

"पावडर कोण लावायचं?"

"त्या स्वतःच. मी यायच्या आधीच लावलेली असायची. खोलीत शिरलं की धुकं."

आता हे काय नवीन? जिचं अंग अकरा दिवस कोरडं राहिलं, तीच बाई घड्याळबाईला 'झालं झालं' म्हणते? स्वतःच पावडरीचं धुकं करते? कुणाला वाचवतेय ती?

मी उठले आणि आजींच्या खोलीत गेले. तिथे एक माणूस माझ्या आधीच पोचला होता. आईच्या पायाशी बसून तो तिला मोबाइलमध्ये एका भिंतीचा फोटो दाखवत होता.

४

तो धाकटा. आजींचा मुलगा. एका कचेरीत फायली लावतो, पण घरात सगळे त्याला कारागीर म्हणतात, आणि ते म्हणताना थोरलीचा आवाज वेगळाच लागतो. त्यानं दुरुस्त केलेला पंखा फक्त थंडीत फिरतो. त्यानं बसवलेलं कपाट उघडायला दोन माणसं लागतात, मिटायला तीन.

"मॅडम, ताईचं काही ऐकू नका," तो म्हणाला. "तिला आईला वृद्धनिवासात टाकायचंय. घरात एक चिमणी फडफडली तरी ती म्हणते, बघा, घर सुरक्षित नाही. म्हणून तर मी न्हाणीघरात दांडी बसवली. धरून उठायला. जुनी गंजली होती. ही बघा."

पहिल्या दिवशीची दांडी. दुसऱ्या कोनातून दांडी. दांडी आणि तो स्वतः.

"कधी बसवलीत?"

"आज बारा दिवस झाले. स्वतःच्या हातांनी! भोकं पाडली, स्क्रू पिळले. कचेरीत सगळ्यांना दाखवले फोटो. इकडची तिकडे हलली नाही."

"तुम्ही पुन्हा हलवून बघितलीत?"

"आई रोज सांगते ना, फोनवर. काय गं आई, कशी आहे दांडी?"

"लाखात एक," आजी म्हणाल्या आणि हसल्या. जरा जास्तच हसल्या.

आजी लहानखुऱ्या होत्या. केस कापसासारखे, डोळे मात्र चोरी करून झाडावर चढलेल्या पोरीचे. उशाशी पेल्यात त्यांची कवळी होती. पाण्यात एक गोळी फसफसत होती.

"आजी, कवळी रोज अशीच धुता?"

"गोळी टाकायची, झालं. घासायची कटकट नाही. दात असताना एवढं सुख नव्हतं."

बोलून त्या पटकन गप्प झाल्या. मी पुन्हा पेल्याकडे बघितलं.

तोंडात एक दात नाही. कवळी गोळीच्या पाण्यात न्हाते. आणि पंधरा दिवसांत टूथपेस्टच्या तीन ट्यूब फस्त.

मी न्हाणीघरात परत गेले. मघाशी मी साबण पाहिला होता, भिंत पाहिली नव्हती. भिंतीवरच्या दांडीवर एक जाड रुमाल पांघरला होता. दोन्ही टोकांवरून तो असा खाली सोडला होता की दांडी भिंतीला जिथे भेटते, ती जागा झाकली जावी. मी नाक जवळ नेलं.

पुदिन्याचा वास आला.

"रुमालाला हात लावू नकोस!" खोलीतून आजी ओरडल्या. ब्याऐंशी वर्षांचा गळा, पण कपबश्या थरथरल्या. "वाळत घातलाय तो!"

रुमाल तर खडखडीत कोरडा होता.

५

मी रुमालाला हात लावला नाही. आजींनी नको म्हटलं होतं, आणि या धंद्यात 'नको' म्हणजे नको. मी बाहेर येऊन गॅलरीत उभी राहिले. दोन टोकं हातात होती आणि मध्ये गाठ बसत नव्हती. साबण झिजत नाही, टूथपेस्ट पुरत नाही. दांडी बसून बारा दिवस झाले, आंघोळ थांबून अकरा. हे सगळं जुळत होतं. पण मग ते 'पुसले'? आजींनी काही लपवलं असेल, पण ही बाई खोटं का लिहील? आणि तीन-तीनदा पुसलं असं डोळ्यात डोळे घालून का सांगेल?

गॅलरीत सकाळवाली कुंड्यांना पाणी घालत होती. ओळखपत्र गेलेलं, काम जाण्याच्या बेतात, तरी कुंड्या तहानलेल्या राहू नयेत म्हणून. कळी न धरणाऱ्या एका वेलीपाशी थांबून ती बारीक आवाजात गुणगुणली:

*अंगणीच्या वेली, पुसते तुला बाई,*
*फुलायचं तुझ्या गं मनात कसं नाही?*

मी गर्रकन वळले.

"हे कुठलं गाणं?"

ती दचकली. "गाणं कसलं! आजीचं आहे माझ्या. तिनंच वाढवलं मला. तिची ही असलीच बोली, तीच माझ्या तोंडात बसलीय. माझा मुलगा हसतो मला."

"चला आत," मी म्हटलं. "सगळ्यांना बोलवा."

समोरच्या खोलीत सगळे जमले. आजी खुर्चीत, थोरली उभी, धाकटा दाराला टेकून, घड्याळबाई दोन्ही मनगटं मांडीवर ठेवून. सकाळवाली कोपऱ्यात. मी तिचं ओळखपत्र टेबलावर मधोमध ठेवलं.

"एकच प्रश्न," मी सकाळवालीला म्हणाले. "आजींना रोज पुसलंत. कशानं पुसलंत?"

तिला प्रश्नच कळेना. "कशानं म्हणजे?"

"ओल्या फडक्यानं? स्पंजानं? पंच्यानं?"

तिनं चौघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मला वेड लागलंय की काय, असा भाव.

"तोंडानं," ती म्हणाली.

थोरली खाली बसली. तिथे खुर्ची होती हे तिचं नशीब.

"तोंडानं?" धाकटा किंचाळला.

"मग कशानं पुसणार? 'आजी, आंघोळ घालू का' असं तोंडानंच पुसावं लागतं ना! पुसल्याशिवाय मी कुणाच्या अंगाला हात लावत नाही. आजी म्हणायच्या, आत्ता नको, संध्याकाळच्या बाईकडून घेईन. म्हणून लिहिलं, पुसले. म्हणजे आंघोळीचं पुसून झालं, घालायची बाकी आहे, ते संध्याकाळी बघा."

घड्याळबाईचं तोंड उघडं राहिलं. "पुसलं म्हणजे विचारलं? मी समजले, अंग पुसलं!"

"अंग पुसलं असतं तर 'अंग पुसले' लिहिलं असतं!"

"मी आले तेव्हाही दारातून म्हणालात, आजींना पुसून येते," मी म्हटलं.

"पुसायला नको? घर त्यांचं. अनोळखी माणूस आत घ्यायचं की नाही, हे मी कोण ठरवणार?"

ते अर्धं मिनिट मी उगाच मोजलं होतं.

"थांबा, थांबा," थोरली सावरून उठली. "आता बरं सुचलं हिला! अकरा दिवस शब्दाचा अर्थ एक, आणि पकडल्यावर दुसरा? आई हिला म्हणाली संध्याकाळी, आणि घड्याळबाईला म्हणाली सकाळी झालं? आई असं का करेल? तिला काय वेड लागलंय? मॅडम, ही बाई खोटं बोलतेय. घाला ते ओळखपत्र तुमच्या पिशवीत."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. त्या घरात एकच माणूस सकाळवालीच्या बाजूनं साक्ष देऊ शकत होतं, आणि ते माणूस खिडकीबाहेर बघत बसलं होतं.

पावणेतीन वाजले होते. घड्याळबाई आपल्या पुढच्या घराला फोन करून आयुष्यात पहिल्यांदा उशीर होईल असं सांगून बसली होती.

६

"आजी," मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. "या घरात साबण झिजत नाही आणि टूथपेस्ट पुरत नाही. का, ते मला कळलंय असं वाटतं. पण मी बोलणार नाही. गुपित तुमचं आहे. हे मात्र," मी ओळखपत्राकडे बोट दाखवलं, "तिचं आहे."

आजींनी ओळखपत्राकडे पाहिलं. त्यावरच्या फोटोत सकाळवाली घाबरलेल्या सशासारखी दिसत होती. बराच वेळ त्या पाहत राहिल्या. मग धाकट्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसा पोराच्या पायातला काटा काढताना आईचा होतो.

"तो रुमाल काढ," त्या मला म्हणाल्या.

सगळे न्हाणीघराच्या दारात गोळा झाले. मी रुमाल काढला. दांडी दिसायला झकास होती. दोन्ही टोकांशी भिंतीवर पांढरा, गुळगुळीत लेप होता. मी दोन बोटांनी दांडी जरा ओढली.

ती माझ्या हातातच आली. स्क्रूसकट. भिंतीतल्या भोकांतून टूथपेस्ट हळूहळू खाली ओघळली.

आधी बोलल्या त्या आजीच.

"बसवली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. आंघोळीच्या आधी जरा धरून बघितली तर निघून आली. परत खोचली. सकाळी बघते तर पुन्हा वाकलेली. मग टूथपेस्ट भरली, ती वाळते जरा. रोज सकाळ-संध्याकाळ भरत होते. दात गेले तर गेले, म्हटलं, भिंतीचे घासू."

"पण आई, सांगायचंस ना!" धाकट्याचा आवाज चिरकला.

"काय सांगू? तू अकराजणांना फोटो पाठवलेस. फोनवर पहिलं काय विचारायचास? कशी आहेस नाही. कशी आहे दांडी!" त्या थोरलीकडे वळल्या. "आणि तुला सांगितलं असतं, तर त्याच दुपारी तू माझी बॅग भरली असतीस. म्हणाली असतीस, बघ, घर धड नाही."

"अंथरुणात तरी पुसून घ्यायचं होतंत, ओल्या फडक्यानं," घड्याळबाई म्हणाली.

"आणि तुझ्या वहीत काय लागलं असतं? 'अंथरुणातच.' ते वाचून कुणीही म्हणेल, म्हातारी आता झोपूनच आहे, हलवा तिला." त्यांनी सकाळवालीकडे पाहिलं. "दांडीशिवाय उठायचं तर हिच्या खांद्यावर भार टाकावा लागला असता. ही सुतळी. मी पडले असते ते पडले असते, ही माझ्याखाली चेंगरली असती. म्हणून हिला सांगितलं संध्याकाळी, तिला सांगितलं सकाळी झालं. दोघींची गाठ कधी पडतच नाही. वही काय बोलते ते मला माहीत नव्हतं. मला चष्म्यानंही ते एवढेसे चौकोन दिसत नाहीत. पोरी, तुझी भाकर जाईल असं नव्हतं गं वाटलं मला."

सकाळवाली रडत होती. सकाळपासून पहिल्यांदा.

"वाटलं होतं, एक दिवस हाच येऊन बघेल," आजी हळू म्हणाल्या. "हात लावून बघेल. म्हणजे मला सांगावं लागणार नाही."

धाकट्यानं दांडी माझ्या हातातून घेतली. स्क्रू उलटसुलट करून पाहिले. "प्लास्टिकचे गट्टू घालायचे राहिले," तो पुटपुटला. "भिंतीत आधी गट्टू घालतात. पाकिटात होते. मला वाटलं, जास्तीचे आहेत."

थोरलीनं तोंड उघडलं. वर्षानुवर्षांचे टोमणे तिच्या जिभेवर रांग लावून उभे असलेले मला दिसत होते. मग तिनं भावाच्या हातातली ती दांडी पाहिली, त्याचे खाली गेलेले खांदे पाहिले आणि तोंड मिटलं. तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड काम असावं.

"नळवाल्याला मी फोन करते," ती एवढंच म्हणाली.

७

तीनला दोन मिनिटं कमी असताना मी साहेबांना फोन लावला.

"चोर सापडला?" साहेबांनी विचारलं.

"सापडला. मीच."

"काय?"

"खोटी नोंद कुणी केलेली नाही. सेविकेनं खरं लिहिलं, दुसरीनं तिला समजलं तसं वाचलं. सात वर्षांपूर्वी तो चौकोन मी आखला, एक सेंटीमीटरचा. कागद वाचवायचा होता मला. त्यात 'विचारलं, नको म्हणाल्या, का म्हणाल्या, आता काय करू' हे कुठे बसणार? अकरा दिवस एक माणूस नको म्हणतंय आणि आपल्यापैकी कुणाला पत्ता नाही, कारण 'नको'साठी आपल्याकडे जागाच नाही. चौकोन बदला. दोघींची वेळ आठवड्यातून एकदा तरी जुळवा, म्हणजे समोरासमोर बोलतील. सकाळवालीनं चट्टे दिसताच फोन करायला हवा होता, संध्याकाळवालीनं अंग उघडून बघायला हवं होतं. ते मी दोघींना सांगितलंय. आणि घरात काही नवीन बसवलं, तर आधी तपासनीसानं लोंबकळून बघायचं."

"तुम्ही लोंबकळणार?"

"त्याच दांडीच्या आधारानं माणूस उभं राहणार असेल, तर हो."

साहेब हसले. मग म्हणाले, "ओळखपत्र परत करा."

मी ते सकाळवालीच्या गळ्यात घातलं. तिनं ते दोन्ही हातांनी चाचपलं, खरंच आहे ना म्हणून.

तोवर नळवाला आला होता. त्यानं भिंत ठोकून पाहिली, भोकं धुतली, बोटाला वास घेतला आणि काही न विचारता नवीन जागी खोल भोकं पाडली. धाकटा शेजारी उभा राहून गट्टू हातात देत होता. एक, दोन, तीन, चार. दांडी बसल्यावर आधी नळवाला लोंबकळला, मग धाकटा, मग मी. घड्याळबाईनं वेळ मोजली. दांडी हलली नाही.

चट्ट्यांसाठी डॉक्टरांनी फोनवर मलम सांगितलं, पण आधी अंग स्वच्छ धुऊन नीट कोरडं करा म्हणाले. पाणी तापलं. स्टूल ठेवलं. पायाखाली जाड रबरी चटई अंथरली. थोरली बाह्या सरसावून उभी राहिली. "मी घालते आईला आंघोळ."

"थांबा ना," सकाळवाली म्हणाली. ती आजींसमोर गुडघ्यांवर बसली, डोळ्याला डोळा येईल अशी. "आजी, आंघोळ घालू का? आणि कुणी घालू? मी, की थोरल्या ताईंनी?"

सगळे आजींच्या तोंडाकडे बघत राहिले. ब्याऐंशी वर्षांच्या त्या बाईनं उत्तर द्यायला पुरता वेळ घेतला. एवढी माणसं आपल्या एका शब्दासाठी थांबलीत, हे सुख बहुधा तिला घाईनं संपवायचं नव्हतं.

"तूच घाल," त्या सकाळवालीला म्हणाल्या. "पाणी चांगलं कढत घे. डोक्यावरूनही. ताई मलम लावेल मागाहून, तिचे हात मऊ आहेत. आणि या बाकीच्यांना आधी बाहेर काढ, माझ्या न्हाणीघरात काय जत्रा भरलीय?"

दार लागलं. तांब्या बादलीत बुडाल्याचा आवाज आला, मग पाणी पडल्याचा, आणि मग आजींचा एक लांबलचक, सुखाचा, कण्हण्यासारखा उद्गार. आतून दोघी काहीतरी बोलत होत्या, हसत होत्या.

बाहेर बहीणभाऊ एकाच बाकड्यावर बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"आता आपण काय करायचं?" धाकट्यानं विचारलं.

थोरली जरा सरकली. मधली जागा कमी झाली.

"बसायचं," ती म्हणाली. "तिचं होईपर्यंत."